धूळपाटी ते क्यूआर कोड: वर्गातल्या साधनांचा कोल्हापुरी इतिहास

१/२६
इ.स. १९१७. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठरला.
इ.स. २०२०. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना दहा लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ जाहीर झाला. त्यांच्या कामाचा सर्वांत गाजलेला भाग म्हणजे पाठ्यपुस्तकात छापलेला एक काळा-पांढरा चौकोन.
दोन्ही घटनांत १०३ वर्षांचे अंतर. दोन्हींच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र एकच: शिकण्याचे चांगले साधन शेवटच्या मुलापर्यंत कसे पोहोचावे? त्या प्रश्नाचा हा इतिहास. सविस्तर थ्रेड.

२/२६
आज वर्गात ‘संवादी’ साधनांचा बोलबाला आहे. पडद्यावर विद्युत परिपथ जोडावा आणि दिवा पेटतो की नाही ते पाहावे. नकाशावर बोट फिरवून दोन गडांमधले अंतर मोजावे. प्रश्नाचे उत्तर निवडताच ते बरोबर की चूक हे कळावे. अशा साधनांची ओळख एका कसोटीने पटते. मूल काही करते, साधन त्याला प्रतिसाद देते आणि तो प्रतिसाद पाहून मूल आपली कृती सुधारते. नुसते चित्र हलणे म्हणजे संवाद नव्हे. ही कल्पना इंटरनेटसोबत जन्मली, असा अनेकांचा समज आहे. तिचे मूळ धुळीत आहे, अगदी शब्दशः.

३/२६
मराठीत अक्षरओळखीच्या पहिल्या पायरीला ‘धुळाक्षरे’ म्हणतात. पंतोजींच्या शाळेत लाकडी पाटीवर बारीक धूळ पसरली जाई आणि मूल बोटाने किंवा काडीने तिच्यावर अक्षर गिरवी. अक्षर चुकले तर पाटी हलवायची, धूळ सारखी करायची आणि पुन्हा लिहायचे. कागद महाग होता. धुळीला मोल नव्हते. त्याहून मोठा गुण असा की धूळपाटीवर चूक टिकत नसे. चुकण्याची किंमत शून्य असेल तर मूल पुन्हा प्रयत्न करायला कचरत नाही. आजच्या कोणत्याही चांगल्या संवादी साधनाचे पहिले तत्त्व हेच आहे.

४/२६
या धूळपाटीने समुद्रही ओलांडला. मद्रासमधील एग्मोर येथे सैनिकांच्या अनाथ मुलांसाठी एक संस्था होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिची देखरेख अँड्र्यू बेल या स्कॉटिश धर्मोपदेशकाकडे होती. स्थानिक शाळेतील मुले वाळूत बोटाने अक्षरे काढताना त्याने पाहिली आणि तीच पद्धत आपल्या शाळेत आणली. मोठ्या मुलांनी लहानांना शिकवण्याची रीत तिला जोडून त्याने १७९७ मध्ये लंडनला आपला वृत्तांत छापला. पुढे जोसेफ लँकास्टर यानेही अशाच धर्तीवर शाळा चालवल्या आणि इंग्लंडमधील हजारो गरीब मुले वाळूच्या तबकात अक्षरे गिरवू लागली. शिक्षणातील नवी साधने नेहमी पश्चिमेकडूनच आली, हा समज येथे गळून पडतो.

५/२६
एकोणिसाव्या शतकात चित्र पालटले. १८२० च्या दशकापासून मुंबई इलाख्यात छापील मराठी शालेय पुस्तके निघू लागली. वर्गात फळा आला, दगडी पाटी आली. पुस्तक आणि फळा ही दाखवणारी साधने. ज्ञान त्यांच्याकडून मुलाकडे जाते. पाटी ही उत्तर देणारी. तोंडी हिशेब घालून गुरुजी म्हणत, “पाट्या वर!” क्षणात चाळीस उत्तरे समोर येत. कोणाला आले, कोण अडले, कोण शेजाऱ्याकडे पाहतो, सारे एका नजरेत कळे. पुढच्या दीडशे वर्षांत दाखवणारी साधने वेगाने वाढली. पाटीची जागा घेईल असे साधन मात्र फार उशिरा आले.

६/२६
पण पाटी हाती येण्यासाठी मूल आधी शाळेत तर हवे. १८८२ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी मांडली. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर नेला. कागल व कोल्हापूर येथे शालेय शिक्षण झालेल्या गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये मध्यवर्ती कायदे मंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. ब्रिटिश हिंदुस्थानला जे जमले नाही, ते पाच वर्षांनी कोल्हापूरने करून दाखवले.

७/२६
शाहू महाराजांच्या १९१७ च्या निर्णयातील खरी क्रांती दंडाच्या रकमेत नव्हती. दंड पालकाला होता, पण ‘सक्ती’ या शब्दाने शासनही बांधले गेले होते. मूल शाळेत आलेच पाहिजे, असे म्हणणाऱ्या राज्याला शाळा, शिक्षक आणि खर्च यांची तरतूद करावीच लागते. ‘मोफत’ या शब्दाने हे बंधन आणखी घट्ट झाले. शिक्षण मिळणे हे मुलाच्या नशिबावर, बापाच्या खिशावर किंवा गावाच्या मर्जीवर सोडायचे नाही, असा त्याचा अर्थ होता.

८/२६
त्याआधीच, १९०१ पासून, कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांतील विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी राहू लागली होती. १९१९ मध्ये महाराजांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वसाधारण शाळांतच प्रवेश देण्याचा आदेश काढला. वेगळी शाळा म्हणजे वेगळा फळा, वेगळी पाटी आणि बहुधा कमी दर्जाचे शिक्षण. एकाच बाकावर बसल्याशिवाय एकच साधन सर्वांच्या वाट्याला येत नाही, हे या आदेशाने कायद्याच्या भाषेत सांगितले. वर्गातील साधनांचा इतिहास लिहिताना बाकाचा इतिहास वगळता येत नाही, तो यासाठी.

९/२६
या मातीतून पुढे एक असा शिक्षणतज्ज्ञ आला, ज्याने हा प्रश्न देशपातळीवर मांडला. जे. पी. नाईक यांचा जन्म १९०७ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील आजरा तालुक्यात बहिरेवाडी येथे झाला. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. १९४८ मध्ये त्यांनी भारतीय शिक्षण संस्था स्थापन केली. १९६४ ते १९६६ या काळात काम करणाऱ्या कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव होते. जगातील शिक्षणविचारवंतांवर युनेस्कोने जी चरित्रमाला प्रसिद्ध केली, तिच्यात भुदरगड-आजऱ्याच्या डोंगरपट्ट्यात वावरलेल्या या माणसाचा समावेश आहे.

१०/२६
१९७५ च्या एका पुस्तकात नाईकांनी भारतीय शिक्षणाचे वर्णन समता, गुणवत्ता आणि संख्या यांचा हाती न लागणारा त्रिकोण असे केले. शाळांची संख्या झपाट्याने वाढवली की दर्जा ढासळतो. दर्जा जपायला गेले की दारे मोजक्यांसाठीच उघडतात. दोन्ही साधले तरी गरीब आणि श्रीमंत मुलांना मिळणाऱ्या शाळा एकसारख्या राहत नाहीत. एक कोपरा धरला की दुसरा निसटतो. वर्गात येणाऱ्या कोणत्याही नव्या यंत्राची पारख करायला आजही याहून चांगली पट्टी सापडणे कठीण.

११/२६
त्रिकोणाचे तीनही कोपरे बऱ्याच अंशी सांधणारे एक साधन महाराष्ट्रात निर्माण झाले आणि ते अत्यंत साधे होते: पाठ्यपुस्तक. कोठारी आयोगाच्या शिफारशींच्या पार्श्वभूमीवर २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात ‘बालभारती’ची स्थापना झाली. तज्ज्ञांनी तयार केलेले, परवडणाऱ्या किमतीचे एकच पुस्तक शाहूवाडीच्या वाडीवस्तीवर आणि मुंबईच्या उपनगरात सारखेच पोहोचू लागले. चौथीचे ‘शिवछत्रपती’ आठवत नाही असा मराठी शाळेतला माणूस विरळा. हा धागा लक्षात ठेवावा. पन्नास वर्षांनी क्यूआर कोड याच पुस्तकावर स्वार होणार होता.

१२/२६
आता जगाकडे. ‘उत्तर देणारी पाटी’ यंत्राने बनवण्याचे प्रयत्न अमेरिकेत १९२० च्या दशकात सुरू झाले. सिडनी प्रेसी या मानसशास्त्रज्ञाने बहुपर्यायी प्रश्नांचे यंत्र तयार केले. त्याच्या एका रचनेत बरोबर कळ दाबल्याशिवाय पुढचा प्रश्न येतच नसे. १९५३ मध्ये बी. एफ. स्किनर आपल्या मुलीच्या शाळेतील गणिताच्या तासाला गेला. मुले गणिते सोडवत होती, पण उत्तर बरोबर की चूक हे त्यांना लगेच कळत नव्हते. ही गोष्ट त्याला खटकली आणि त्यानेही शिकवणारे यंत्र बांधले. “पाट्या वर!” म्हणणाऱ्या गुरुजींचे काम यंत्राकडे सोपवण्याचे हे आरंभीचे प्रयत्न होत.

१३/२६
१९६० मध्ये इलिनॉय विद्यापीठात ‘प्लेटो’ ही संगणकावर शिकवणारी प्रणाली सुरू झाली. १९६७ मध्ये सेमूर पॅपर्ट आणि सहकाऱ्यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा तयार केली. पॅपर्टचा आग्रह स्किनरच्या उलट होता: यंत्राने मुलाला घडवण्यापेक्षा मुलाने यंत्राला आज्ञा द्याव्यात, त्या फसल्या तर कारण शोधावे आणि त्यातून भूमिती शिकावी. आजच्या सगळ्या शैक्षणिक संकेतस्थळांत हे दोन प्रवाह दिसतात. एक मुलाची परीक्षा घेतो, दुसरा मुलाला प्रयोग करू देतो. दोन्हींना ‘संवादी’ म्हणतात. त्यांतले अंतर मात्र पाढे पाठ म्हणणे आणि पाढा स्वतः तयार करणे यांतल्या अंतराएवढे आहे.

१४/२६
भारतात यंत्र प्रथम आले ते दाखवणारे म्हणून. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर ‘साइट’ प्रयोगात उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचली. महाराष्ट्राला लागून असलेले कर्नाटक, आंध्र प्रदेश व मध्य प्रदेश त्यांत होते. मूल पाहू शकत होते. विचारू शकत नव्हते. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारच्या ‘क्लास’ योजनेतून निवडक शाळांत ‘बीबीसी मायक्रो’ संगणक आले. ते प्रतिसाद देत असत, पण मोजक्या शाळांतच आणि मुख्यतः संगणकाची ओळख व्हावी म्हणून. गणित-भूगोलाच्या तासापासून ते दूरच राहिले.

१५/२६
इंटरनेटच्या युगाचे एक पहिले पाऊल कोल्हापूर जिल्ह्यातच पडले. १९९८ मध्ये वारणानगर परिसरातील कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतल्या सुमारे ७० गावांत ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेला वारणा सहकारी समूह, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र आणि शासन त्यात सहभागी होते. शेतीची माहिती, सरकारी सेवा, शिक्षण-मार्गदर्शन, सारे मराठीतून गावातल्या संगणकावर मिळावे, ही आकांक्षा होती. प्रत्यक्षात केंद्रे गजबजली ती ऊसाच्या नोंदी, वजन आणि बिलांसाठी. २००६ च्या सुमारास संशोधकांनी काही गावांत हेच काम मोबाइलच्या लघुसंदेशांवर नेले आणि ते स्वस्तात झाले.

१६/२६
वारणेचा धडा शिक्षणालाही लागू पडतो. ऊसाच्या बाबतीत शेतकऱ्याकडे ठोस प्रश्न होता (किती टन गेला, किती पैसे आले?) आणि उत्तर देण्याची जबाबदारी असलेली संस्था समोर होती. म्हणून यंत्र वापरले गेले. शिक्षणाच्या बाबतीत माहिती होती, पण त्या पडद्याला जोडलेला शिक्षक आणि तास नव्हता. यंत्र गावात पोहोचते; ते वर्गात पोहोचायला कोणाचा तरी रोजचा प्रश्न त्याला बांधलेला असावा लागतो.

१७/२६
हाच अनुभव जगभर आला. २००७ मध्ये ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक मोहिमेचा भारतातील प्रायोगिक प्रकल्प रायगड जिल्ह्यातील खैराट या छोट्या गावातील शाळेत सुरू झाला. याच मोहिमेतील पेरू देशाच्या ३१९ शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांचा संगणकवापर प्रचंड वाढला होता, काही बौद्धिक चाचण्यांत थोडी प्रगतीही दिसली. पण गणित आणि भाषेतील संपादणुकीत फरक आढळला नाही. पाटी वाटली म्हणजे हिशेब येत नाही, हे पंतोजींनाही ठाऊक होते.

१८/२६
मग संवादी शिक्षणाने फरक पडतो की नाही? पडतो, आणि त्याचा भक्कम पुरावा आहे. १९९८ मध्ये रिचर्ड हेक यांनी अमेरिकेतील ६२ भौतिकशास्त्र अभ्यासक्रमांतील ६,५४२ विद्यार्थ्यांच्या चाचण्या तपासल्या. सुरुवातीला जे येत नव्हते, त्यातले किती शिकून झाले? नेहमीच्या व्याख्यानांच्या वर्गांत सरासरी ०.२३ भाग, विद्यार्थ्यांना विचार करायला, चर्चा करायला आणि लगेच प्रतिसाद मिळवायला लावणाऱ्या वर्गांत ०.४८. म्हणजे दुपटीहून अधिक. लक्षात घ्यावे असे की यांतील पुष्कळसे यश यंत्राशिवायही मिळण्याजोगे होते. गुण प्रतिसादाचा होता.

१९/२६
चांगली संवादी साधने हाच प्रतिसाद स्वस्त करतात. भौतिकशास्त्राचे नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात ‘फेट’ प्रकल्प सुरू केला. त्यात लंबक, विद्युत परिपथ, अपूर्णांक अशा विषयांची सिम्युलेशन मोफत मिळतात आणि त्यांतील अनेक मराठीतही आहेत. प्रयोगशाळा नसलेल्या शाळेतील मूल पडद्यावर तार जोडते, बॅटरी वाढवते, दिवा अधिक उजळलेला पाहते. तार चुकली तर खर्च शून्य, पुन्हा जोडायची. येथे धूळपाटी परत आली आहे, या वेळी विजेच्या रूपात.

२०/२६
इतिहासाच्या तासाला हे कसे घडेल? पन्हाळगड घ्यावा. १६६० मध्ये सिद्दी जौहरचा वेढा पडला आणि जुलैच्या पावसात शिवाजी महाराज विशाळगडाकडे निसटले. पाठ्यपुस्तकातील परिच्छेद ही घटना सांगतो. इस्रोच्या ‘भुवन’सारख्या नकाशावर मूल ती तपासू लागते. मसाई पठार कुठे आहे? घोडखिंड नेमकी तेथेच का निर्णायक ठरली? सपाट रस्ता सोडून डोंगराची वाट का धरली? राजापूरच्या वखारीतील इंग्रजांनी वेढ्यासाठी तोफा आणल्या होत्या. मग समुद्राकाठचे राजापूर आणि घाटावरचा पन्हाळा यांमध्ये उभा असलेला सह्याद्री पाहून त्या वाहतुकीचे कष्ट आपोआप कळतात. मूल उत्तर वाचत नाही; प्रश्न विचारते.

२१/२६
मात्र येथेच इतिहासाची शिस्तही शिकवावी लागते. उपग्रह आजची जमीन दाखवतो. आजचे डांबरी रस्ते, धरणांचे जलाशय, ऊसाचे मळे १६६० मध्ये नव्हते. तेव्हाचे जंगल आणि पायवाटा पडद्यावर नाहीत. नकाशावर ओढलेली ठळक लाल रेघ पुराव्यापेक्षा अधिक खात्रीची वाटते, हा तिचा धोका. ती रेघ बखरीवरून आली, पत्रावरून की अंदाजावरून, हे विचारणारा शिक्षक नसेल तर संवादी नकाशा ही फक्त अधिक आकर्षक दंतकथा ठरेल. साधन प्रतिसाद देते. त्या प्रतिसादावर शंका घ्यायला माणूसच शिकवतो.

२२/२६
आता पुन्हा परितेवाडी. माढा तालुक्यातील या शाळेत डिसले २००९ मध्ये रुजू झाले. अनेक मुलांची घरची भाषा कन्नड होती आणि पुस्तके त्यांना परकी वाटत. ते कन्नड शिकले, पाठ्यपुस्तकांचे मुलांच्या भाषेत रूपांतर केले आणि पानांवर क्यूआर कोड बसवले. स्कॅन करताच कविता ऐकू येई, चित्रफीत दिसे, स्वाध्याय उघडे. त्यांच्या प्रस्तावानंतर आणि प्रायोगिक वापरानंतर २०१७ मध्ये राज्याने पहिली ते बारावीच्या पुस्तकांत असे कोड देण्याचे जाहीर केले. पुढच्या वर्षी एनसीईआरटीच्या पुस्तकांसाठीही तशीच घोषणा झाली. पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी उरलेल्या नऊ अंतिम स्पर्धकांत वाटून दिली.

२३/२६
ही कल्पना राज्यभर का पसरली? कारण तिने नवे यंत्र वाटायचा हट्ट धरला नाही. समतेच्या बाबतीत आधीच सर्वांत पुढे असलेल्या वस्तूवर, म्हणजे बालभारतीच्या पुस्तकावर, ती बसली. कोड छापायला जवळजवळ खर्च नाही. तो फाटक्या दप्तरातही असतो. नाईकांच्या भाषेत, संख्येचा कोपरा पुस्तकाने आधीच जिंकला होता आणि कोडने त्याला गुणवत्तेची खिडकी जोडली. समतेचा कोपरा मात्र एका अटीवर लटकत राहिला: खिडकी उघडायला फोन लागतो.

२४/२६
मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि ही अट उघडी पडली. ‘असर’च्या पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ३६.५ टक्के मुलांच्या घरी २०१८ मध्ये स्मार्टफोन होता. २०२० मध्ये हे प्रमाण ६१.८ टक्के झाले. झेप मोठी, तरी दर पाच मुलांतली जवळपास दोन मुले फोनविना. ज्या घरी फोन होता तेथेही तो बहुधा एकच, आणि बापासोबत शेतावर किंवा कामावर जाणारा. जुलै २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ मालिका सुरू झाली. ती अधिक घरांत पोहोचली, पण तिच्यापुढे पाटी वर करण्याची सोय नव्हती. त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला ‘फ्लॅश’ हे तंत्र बंद झाले आणि जगभरातील असंख्य जुनी शैक्षणिक संवादी पाने एका रात्रीत मुकी झाली. दगडी पाटी जुनी होते, बंद पडत नाही.

२५/२६
उपाय यंत्रे वाढवण्यातच आहे असे नाही. ‘प्लिकर्स’ नावाच्या साधनात प्रत्येक मुलाकडे कागदावर छापलेले एक कार्ड असते. कार्डाच्या चार बाजू म्हणजे चार पर्याय. शिक्षक प्रश्न विचारतात, मुले आपले उत्तर वरच्या बाजूला येईल असे कार्ड उंच धरतात, आणि शिक्षकांचा एकच फोन साऱ्या वर्गावरून फिरतो. क्षणात कळते की कोणाला आले आणि कोण अडले. शेजाऱ्याचे कार्ड पाहूनही उत्तर समजत नाही, त्यामुळे लाजणारे मूलही निर्धास्तपणे हात वर करते. चाळीस मुले, चाळीस कागद, एक फोन. “पाट्या वर!” ही हाक तीच; तिने फक्त रूप बदलले.

२६/२६
२०१५ नंतर ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’च्या काळात अनेक जिल्हा परिषद शाळांत लोकवर्गणीतून टीव्ही, प्रोजेक्टर आणि टॅब आले. गावांनी दाखवलेली ही आस्था कौतुकास्पद आहे. पण वर्गणी गावाच्या ऐपतीप्रमाणे जमते. ऊसपट्ट्यातील गाव आणि डोंगरातील धनगरवाडा यांची ऐपत एक नाही. १९१७ च्या आदेशाने शाळा ऐपतीच्या कक्षेतून बाहेर काढली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला तोच अधिकार देशभर दिला. वीज, जोडणी, वर्गासाठी किमान एक चालू उपकरण आणि ते वापरायला मोकळीक असलेला शिक्षक, या गोष्टी त्या अधिकारात धरायच्या की वर्गणीवर सोडायच्या, हा आजचा प्रश्न आहे. दंड कोणाला करायचा हे तेव्हा शाहू महाराजांनी ठरवले होते. आज पडद्यापासून दूर राहिलेल्या मुलाबद्दल उत्तर द्यायचे असेल, तर ते पालकाकडे मागता येणार नाही.

(थ्रेड समाप्त)
#कोल्हापूर #शिक्षणाचा_इतिहास #राजर्षी_शाहू